जीव टांगणीला का लागत नाही? थरारपट आणि पटकथेतला हिशेब

परळकर

अ‍ॅक्शनवर कोट्यवधी रुपये खर्च होतात आणि तरी मध्यंतराआधीच निम्मं थिएटर मोबाइल काढून बसलेलं असतं. जीव वाचवण्याच्या झुंजीचे जे थरारपट हल्ली येतात, त्यातले बहुतेक पाहून माझं मत पक्कं झालंय. कॅमेरामन, फाइट मास्टर, व्हीएफएक्सवाले, नट, सगळे आपापलं काम चोख करतात. मार खाते ती पटकथा.

परवा प्रभादेवीला असाच एक हिंदी सिनेमा पाहिला. नाव देत नाही, कारण चर्चा त्या एकट्यावर नको. नायक जंगलात अडकलाय, मांडीत लोखंडी सळई घुसलीय, बाटलीत दोन घोट पाणी उरलंय. इथवर मी सावरून बसलो होतो. मग तो सळई उपसून फेकून देतो, शर्टाची पट्टी बांधतो आणि थोड्याच वेळात त्याच पायाने धावत येऊन चालत्या ट्रकवर उडी मारतो. लंगडणंसुद्धा नाही. बाटली तर त्यानंतर दिसलीच नाही. तहान लागणंच बंद झालं त्याला.

अशा गोष्टीत प्रेक्षक मनातल्या मनात हिशेब ठेवत असतो. पाणी किती, गोळ्या किती, जखम कुठे, उजाडायला किती वेळ. हा हिशेब लेखकाने एकदा गुंडाळला की मला नायकाची काळजी वाटेनाशी होते, आणि मग पुढचे सगळे स्फोट मी नुसते बघत बसतो.

याउलट 'डाय हार्ड' (१९८८) घ्या. विमानात शेजारचा प्रवासी नायकाला सांगतो की मुक्कामी पोचल्यावर बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं आवळ, प्रवासाचा शीण जातो. तो तसं करतो, नेमका तेव्हाच इमारतीवर हल्ला होतो आणि तो अनवाणीच पळतो. पुढे खलनायकाच्या ते लक्षात येतं, तो काचा फोडायला सांगतो. कागदावरच्या दोन ओळींपलीकडे याला काय खर्च आला असेल? पण त्या काचा आपल्या तळपायाला लागतात. आमच्याकडे आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कुठून?

सिंगल_स्क्रीन

पूर्ण असहमत. दिवसभर ऑफिसात घासून, विरार लोकलमध्ये चेंगरून माणूस रात्रीच्या शोला जातो तो बाटलीतलं पाणी मोजायला नाही. त्याला हीरो हवा असतो. मी ती ट्रकवरची उडी पाहिलीय, शिट्ट्या पडल्या होत्या. आमच्या पिढीने 'शोले' पाहिला तेव्हा कुणी गोळ्या मोजत बसलं नव्हतं. ही सवय तुम्हाला इंग्रजी सिनेमांनी लावलीय.

परळकर

'शोले'चंच (१९७५) उदाहरण द्यायचं होतं मला! तिथे तर गोळ्या खुद्द गब्बर मोजतो. पिस्तुलात सहा, समोर माणसं तीन. हा अन्याय आहे म्हणून तीन हवेत उडवतो, उरलेल्या तिनांसह चेंबर गरागरा फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिघंही वाचतात, तो खदाखदा हसतो, तेही हसायला लागतात आणि मग तो तिघांनाही मारतो. हिंदी सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग निव्वळ गणितावर उभा आहे. शेवटी जयकडे राहिलेली एकच गोळी पुलावरच्या दारूगोळ्यासाठी वापरली जाते. आणि ते नाणं? अख्खा सिनेमाभर उडवलं जातं आणि दोन्ही बाजूंना छाप एकच, हे जय गेल्यावर कळतं. सलीम-जावेद यांनी पै-पैचा हिशेब ठेवला होता. तुम्ही मोजत बसला नव्हता, कारण त्यांनी तुमच्यासाठी मोजून ठेवलं होतं.

अपघात_विभाग

वीसेक वर्षं सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काढलीत, म्हणून एवढंच सांगते. शरीरात घुसलेली सळई आम्ही जागेवर कधीच उपसत नाही. बऱ्याचदा तिनेच रक्तवाहिनी दाबून धरलेली असते. उपसली की धार लागते. आणि सिनेमात ज्याला 'फक्त खांद्याला गोळी लागलीय' म्हणतात, त्या भागातून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचं जाळं जातं. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवता येतं, खांद्यात मात्र तो आवळायलाच जागा नसते. माणूस मरू शकतो किंवा हात कायमचा लुळा पडू शकतो.

हे सांगायचं कारण चुका काढणं नाही. खरी माहिती घेतली तर लेखकालाच जास्त थरार सापडेल. सळई उपसायची की तशीच ठेवून चालायचं, हा केवढा मोठा प्रसंग आहे! तो शर्टाच्या पट्टीने मिटवून टाकला.

आरामनगर

धाग्याच्या मुद्द्याशी सहमत, पण आरोपी चुकीचा पकडलाय. मी वर्सोव्याला सहायक लेखक म्हणून काम करतो. पटकथा पडत नाही, पाडली जाते.

आधी स्टारच्या तारखा मिळतात, मग लोकेशन ठरतं, मग अ‍ॅक्शन टीम तिच्या परीने तीन मोठे सीक्वेन्स बसवते. त्यानंतर लेखकाला सांगतात, हे तीन डोंगर आहेत, मधले पूल बांध. मध्यंतराला टाळ्या हव्यात, म्हणून नायकाची सगळ्यात मोठी सुटका तिथेच वापरून टाकायची. मग उत्तरार्धात अडकवायचं कशात? म्हणून खलनायकाची बहीण, जुना सूड, फ्लॅशबॅकमधलं गाणं. माणूस दरीत लटकलाय आणि आपण त्याच्या साखरपुड्याला.

बाटलीचं तर मी छातीठोक सांगू शकतो. माझ्या एका ड्राफ्टमध्ये पाण्याचा कॅन गळत होता, चार सीनमध्ये थोडा थोडा. एडिटला 'लॅग होतंय', म्हणजे रेंगाळतंय, म्हणून तीन सीन उडाले. राहिलेल्या एकात कॅन दिसतो, पुढे नाही. प्रेक्षक म्हणाला, लेखक विसरला. लंगडण्याचंही तेच. शूटिंग उलटसुलट क्रमाने होतं, हीरोला दिवसभर लंगडायचं नसतं, आणि सेटवर लेखकच नसतो, तर आठवण कोण करून देणार?

कट_टू

आरामनगर यांच्याशी सहमत, आणि पुढे जाऊन म्हणेन की कागदाला तुम्ही फारच मोठं करताय. 'जॉज'चं (१९७५) शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथा धड नव्हती. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो दाखवायचाच कमी केला आणि त्यातून भीती निर्माण झाली. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) तर सुमारे साडेतीन हजार चित्रांच्या स्टोरीबोर्डवर उभा राहिला. संवाद किती आहेत त्यात? हे माध्यम दिग्दर्शकाचं आहे.

परळकर

कट_टू, 'जॉज'ची पटकथा अपुरी होती, पण मग कार्ल गॉटलीब शूटिंगच्या काळात रोज रात्री दिग्दर्शकासोबत बसून पुढचे सीन लिहीत होता. लेखक मुक्कामालाच होता. आरामनगर जे नाही म्हणतायत, नेमकं तेच तिथे होतं. शार्क बंद पडल्यावर त्याच्याशिवाय गोष्ट कशी पुढे न्यायची, हा लेखनाचाच प्रश्न आहे.

आणि 'फ्युरी रोड'मधली ती चित्रं म्हणजेच पटकथा. त्या वाळवंटात पाणी, पेट्रोल, गोळ्या, अगदी रक्तसुद्धा मोजून आहे. नायकाला सुरुवातीला रक्ताची पिशवी म्हणून गाडीच्या पुढे बांधलेलं असतं, आणि शेवटी तेच रक्त तो स्वतःहून नायिकेला देतो. संवाद नसले म्हणून लेखन नसतं, असं कसं?

आरामनगर, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. मी लेखकाला नाही, लेखनाला दोष देतोय. ते कुणी बिघडवलं याचा जाब निर्मात्यालाच विचारायला हवा.

मिलन_सबवे

मला वेगळीच शंका आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात मी अडकले होते. खऱ्या संकटात काय असतं? वाट पाहणं. फोन लागत नाही, लोकल बंद, कुणाच्या तरी जिन्यात अनोळखी माणसांबरोबर बसून पाणी उतरण्याची वाट बघायची. त्यात चढउतार नसतो, खलनायक नसतो. हे जसंच्या तसं दाखवलं तर कोण बघेल? थोडं खोटं बोलल्याशिवाय थरारपट होणारच नाही. म्हणून मला ट्रकवरची उडी माफ आहे.

अपघात_विभाग

वाट पाहण्यातही थरार असतो हो. '१२७ अवर्स' (२०१०) पाहा. अ‍ॅरन राल्स्टन या गिर्यारोहकाची खरी गोष्ट. २००३ मध्ये युटातल्या एका अरुंद घळीत दगडाखाली हात अडकला, कुठे जातोय ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तो हात कापून सुटला हे तिकीट काढतानाच माहीत असतं. तरी बसवत नाही. सुरुवातीला घरातून निघताना तो कपाटात चाचपडतो आणि चांगला चाकू हाताला लागता लागता राहतो. पुढे बोथट पात्याशी त्याची झटापट चालते, तेव्हा तो कपाटातला चाकू आठवून पोटात गोळा येतो.

परळकर

आणि आपल्या प्रभादेवीत घडणारा 'ट्रॅप्ड' (२०१७)! विक्रमादित्य मोटवानेचा. रिकाम्या टॉवरमधला फ्लॅट, किल्ली बाहेर, दार बंद, वीज-पाणी नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली. खाली मुंबई धावतेय आणि याची हाक कुणाला ऐकू जात नाही. उंदराला घाबरणारा, मांसाहार न करणारा मुलगा कबुतर मारून खाण्यापर्यंत येतो. एकेक पायरी दाखवलीय. मिलन_सबवे, तुमचा जिना आणि हा फ्लॅट यात वाट पाहणंच आहे की!

सिंगल_स्क्रीन

'ट्रॅप्ड' चांगला होता, पण थिएटरात किती जणांनी पाहिला? त्यानंतर दीडेक महिन्यात 'बाहुबली २' आला आणि सगळी मुंबई तिकडे धावली. त्यात ताडाची झाडं वाकवून सैनिकांना किल्ल्यात भिरकावतात. कुणी विचारलं का, हाडं मोडली नाहीत का म्हणून?

परळकर

नाही विचारलं, कारण पहिल्या भागातच नायक शिवलिंग खांद्यावर उचलून धबधब्याखाली नेतो. इथली माणसं कशी आहेत, ते तिथेच सांगून टाकलंय. नियम ठरला आणि शेवटपर्यंत पाळला. माझ्या जंगलातल्या नायकाला मात्र पहिल्या अर्ध्या तासात साधा सर्व्हेअर म्हणून दाखवलंय, जिना चढताना धापा टाकणारा. त्याला मग बाहुबली करायचा, तर कधी आणि कसा झाला ते दाखवा.

सिंगल_स्क्रीन

शिवलिंगाचा मुद्दा मान्य. पण उडी लंगडत मारली असती तर मजा गेली असती, यावर मी ठाम आहे.

परळकर

लंगडत धावला असता, उडी कमी पडली असती, मागच्या फळीला नुसत्या बोटांनी लटकला असता आणि जखमी पाय रस्त्यावर घासत गेला असता, तर तुमच्या शिट्ट्या दुप्पट झाल्या असत्या.

आरामनगर

हा सीन मी लिहून दिला तर पहिला प्रश्न येईल, चेहरा दिसणार की डुप्लिकेट चालेल? दिसणार असेल तर हीरोला वायरवर घ्यावं लागतं, शूटिंगचा एक दिवस वाढतो, आणि तो दिवस वाचवायला उडीच सरळ करून टाकतात. तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये घालतोय. पाय घासत जाणारा शॉट क्लोजअपमध्ये लिहिला, तर तेवढ्यासाठी डुप्लिकेट चालून जाईल.