गडद रंग घेण्याआधी
डेकसाठी, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्यासाठी, गडद रंग घेतला की मळ दिसत नाही, असं कुणीतरी म्हटलंय. माझा अनुभव अगदी उलटा आहे. आमच्या कोळशी राखाडी कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांच्या) डेकवर धूळ, वाळलेल्या पाण्याचे पांढरट डाग, खुर्ची ओढल्याचे ओरखडे लगेच उठून दिसतात. शिवाय गडद रंग ऊन जास्त शोषतो. दुपारी अनवाणी पाऊल टेकवत नाही. दिवसभर ऊन असेल तर फिकट तपकिरीच घ्या, त्यातही दोन-तीन छटांच्या रेघा असलेला. बारीकसारीक डाग त्यात लपतात. आणि कृपया दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका! नमुन्याचे तुकडे आठवडाभर भिंतीशेजारी ठेवून सकाळ-संध्याकाळ बघा, ओले करूनही बघा. वरून प्लास्टिकचं आवरण नसलेल्या फळ्या सुरुवातीच्या महिन्यांत थोड्या फिकटतात, तेही धरून चाला.