रेवडी वाटतात की उडवतात?

तिरकस_मास्तर: काल इथेच एकाने ठोकून दिलं, ‘रेवड्या वाटणे हा आपला जुना, अस्सल मराठी वाक्प्रचार’. तेव्हापासून डोकं उठलंय. अहो, मराठीत रेवडी उडते! चारचौघांत एखाद्याची उडवतात ती रेवडी, आणि वाटतात ती खिरापत. १६ जुलै २०२२ ला पंतप्रधान जालौनला बुंदेलखंड महामार्गाच्या उद्घाटनात मतांसाठी फुकट वाटण्याला ‘रेवडी कल्चर’ म्हणाले, आणि आपले पेपर रेवड्या वाटत सुटले. मूळ हिंदी म्हण तरी बघा: ‘अंधा बाँटे रेवड़ी, फिर फिर अपनों को दे’. ती वशिलेबाजीवर आहे, फुकट वाटण्यावर नाही.

फडावरचा_गडी: मास्तर, जत्रेला गेलाय का कधी? आमच्या साताऱ्याकडं बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. सातवीत असताना मी एकाला चीत केला. पंचांनी ओंजळीत रेवड्या ओतल्या. हात घामानं ओले, रेवड्यांना तांबडी माती चिकटलेली. दाताखाली तीळ येतोय का खडा, कळंना. हरलेल्यालाबी तेवढ्याच दिल्या. वाटल्याच की मग!

तिरकस_मास्तर: ते बक्षीस झालं. अंग मोडून मिळवलेली रेवडी फुकटची कशी? माझंच म्हणणं सिद्ध करताय.

फडावरचा_गडी: हरलेल्यालाबी दिल्या म्हटलं. चष्मा पुसा.

हस्तनक्षत्र: खिरापत तरी कुठे फुकट मिळते? भोंडल्याला ओळखावी लागते. डबा कानाशी धरून हलवायचा, वाजला तर चिवडा, नाही वाजला तर शिरा. आमच्या सोसायटीत आता आदल्या दिवशीच ग्रुपवर मेनू येतो. मागच्या वर्षी पास्ता होता. ओळखा म्हणे!

कोकणी_खवट: शिरा, चिवडा ही खिरापत? खिरापत म्हणजे पंचखाद्य. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस. विषय संपला.

हस्तनक्षत्र: खिसमिस?? शब्द किसमिस आहे. पाचवा ‘ख’ सापडेना म्हणून बेदाण्याचं बारसं केलंत.

कोकणी_खवट: आमच्या आजीच्या तोंडी खिसमिसच होतं.

निवांत_बसलोय: आमच्याकडे पाचवा खजूर.

कोकणी_खवट: खारीक असताना पुन्हा खजूर? एकच फळ दोनदा मोजता? धन्य.

हस्तनक्षत्र: आणि क चा ख केलेला चालतो!

धाकटी_पाती: तुमचं खिसमिस चालू द्या. माझ्या आईला लाडकी बहीणचे महिना १,५०० मिळतात. त्यातून बीपीच्या गोळ्या येतात, त्या आणायला तिला पहिल्यांदाच भावापुढे हात पसरावा लागत नाही. त्याला रेवडी म्हणा नाहीतर खिरापत, वाटणाऱ्याला काही लागत नाही. घेणाऱ्याला लागतं.

तिरकस_मास्तर: ताई, मी शब्दाबद्दल बोलतोय, योजनेबद्दल नाही.

धाकटी_पाती: मीही शब्दाबद्दलच बोलतेय, सर.

तिरकस_मास्तर: … बरं. आणि गडीभाऊ, जत्रेपुरत्या वाटा तुमच्या रेवड्या. हरलेल्यालाही द्या. पेपरात मात्र मी खोडणार.

फडावरचा_गडी: लई उपकार झाले मास्तर. पत्ता द्या, पावशेर धाडतो. माती लावूनच.

हस्तनक्षत्र: आईला फोन केला. ती बेदाणे म्हणते, आणि खसखस महाग झाल्यापासून तीही घालत नाही. मी चालले.