झिझकोव्हची मॅच आणि 'निरागस फुटबॉल'

लेफ्टबॅक

इथे प्रवासवर्णनांत नुकताच एक लेख आला. लेखक प्राग फिरायला गेला, रविवारी सकाळी तिथल्या झिझकोव्ह भागातल्या व्हिक्टोरिया झिझकोव्ह या जुन्या क्लबची मॅच बघितली आणि लिहिलं, 'पैशाचा स्पर्श न झालेला निरागस फुटबॉल युरोपात फक्त इथेच उरलाय.' खाली सगळ्यांची वाहवा. मी प्रागमध्ये राहतो, त्याच स्टँडमध्ये उभा असतो, आणि मला हे वाचून संताप आला. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा.

निरागस कशाला म्हणता? चेकोस्लोव्हाकियाची व्यावसायिक लीग १९२५ ला सुरू झाली. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत स्पार्टा आणि स्लाव्हिया हे प्रागचे दोन बडे क्लब सोडून ती फक्त एका क्लबने जिंकली, १९२८ साली, आणि तो क्लब हाच. १९९४ आणि २००१ ला चेक कप. २००२ मध्ये युएफा कप या युरोपीय स्पर्धेतून ग्लासगोच्या रेंजर्सना घरी पाठवलं. २०१२ ला पहिल्या विभागातून खाली पडले. १९२८ सोडलं तर स्टँडमधल्या म्हाताऱ्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. रेंजर्सना हरवणारा क्लब रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळतो याचं त्यांना दुःख आहे, आणि तुम्ही त्या दुःखाचे फोटो काढून त्याला 'गोड' म्हणता.

खालच्या विभागांना पैसा शिवत नाही म्हणणाऱ्यांनी २०२० चा ऑक्टोबर आठवावा. चेक फुटबॉल संघटनेच्या उपाध्यक्षालाच पोलिसांनी उचललं. आरोप कसला, तर खालच्या विभागांतल्या सामन्यांचे निकाल पंचांमार्फत फिरवल्याचा.

फिरस्ता

तो लेख माझा. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

मी प्रवासी आहे, संशोधक नाही. सकाळी सव्वादहाची मॅच, मैदानाला खेटून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्राम, मागे इमारतींच्या खिडक्यांतून बघणारे लोक, हातात मोहरी लावलेलं क्लोबासा (सॉसेज) आणि बिअर. मला आनंद झाला, तो मी लिहिला. शेजारच्या आजोबांनी खुणांनी ऑफसाइड समजावून सांगितला. त्यांना माझ्या येण्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. तिकीट काढलं, स्कार्फ घेतला, पैसे क्लबलाच गेले. घरी बसून प्रीमियर लीग बघणाऱ्यांपेक्षा मी झिझकोव्हसाठी जास्त केलं.

ब्रनोकर

दोघांचं चालू द्या, पण माझा मुद्दा ऐका. चेक फुटबॉल म्हणजे प्राग, आणि प्राग म्हणजे झिझकोव्ह, असं किती दिवस चालणार? ग्राउंडहॉपिंगवाला (मैदानं बघत फिरणारा) असो की इथला रहिवासी, देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हियात कुणी येत नाही. तिसरा विभाग बोहेमिया आणि मोराव्हिया-सिलेसिया असा वाटलेला आहे. त्यातला मोराव्हिया-सिलेसियाचा भाग या मराठी चर्चेत एकदाही आलेला नाही.

मोराव्हियातल्या ब्रनो शहराचा क्लब झ्ब्रोयोव्का ब्रनो १९७८ चे लीग विजेते. नव्वदच्या दशकात त्यांच्या 'झा लुझान्कामी' स्टेडियमवर एका लीग सामन्याला ४४ हजारांहून जास्त लोक होते. २००१ मध्ये क्लबने ते सोडलं. मग पायऱ्यांवर झाडं उगवली, पार जंगल झालं. २०१५ मध्ये क्लबचा लाडका खेळाडू पेत्र श्वान्त्साराच्या निरोपाच्या सामन्यासाठी चाहत्यांनी स्वतः कुऱ्हाडी-कोयते घेऊन ते साफ केलं, आणि सुमारे ३५ हजार लोक आले. अशी गोष्ट दुसरीकडे कुठे घडली असेल तर दाखवा.

मधली फळी

ब्रनोकर, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक धाग्यावर सांगता, आता तरी उत्तर द्या. ते ३५ हजार पुढच्या लीग सामन्याला कुठे होते? २०१८ ला क्लब खाली गेला, २०२१ ला पुन्हा, २०२३ ला पुन्हा. एक दिवस जत्रेला येणं सोपं असतं. नोव्हेंबरच्या थंडीत दुसऱ्या विभागात पाहुण्या संघाचे मूठभर लोक समोर असताना येऊन दाखवा. तुमचे ३५ हजार त्या दिवसापुरते प्रवासीच होते. फरक एवढाच की त्यांना चेक बोलता येत होतं.

ब्रनोकर

हे वाक्य मागे घ्या. माझे सासरे त्या सफाईला रोज कामावरून सुटल्यावर जायचे. गुडघे गेलेले होते, तरी जायचे. चौदा वर्षं बंद पडलेल्या जागेवर स्वतःच्या हाताने पायऱ्या मोकळ्या करणाऱ्याला प्रवासी म्हणायला काही वाटत नाही? लीगच्या सामन्यांना ते ३५ हजार येत नाहीत याचं कारण सामने तिथे होतच नाहीत. माणसाचं मैदान काढून घ्यायचं आणि वर विचारायचं की तू येत का नाहीस.

मधली फळी

तुमच्या सासऱ्यांबद्दल मी काही म्हटलेलं नाही. ३५ हजारांबद्दल म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे. मैदान नाही म्हणून क्लब सोडणारे लोक चाहते नसतात. प्रागच्या डुक्लाकडे बघा. सैन्याचा क्लब, लष्करी सेवेच्या नावाखाली चांगले खेळाडू ओढायचा, म्हणून देशभर नावडता. त्यांच्या मासोपुस्तला १९६२ चा बॅलन डी'ओर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला तेव्हाही त्यांना गर्दी नव्हती. नंतर क्लब नावालाही उरला नाही. २००० नंतर पुन्हा उभा केला, २०१९ पासून पाच वर्षं दुसऱ्या विभागात काढली. युलिस्काच्या टेकडीवरच्या त्यांच्या मैदानावर तेव्हाही तेच थोडे लोक यायचे. त्यांच्या निष्ठेबद्दल कुणी लेख लिहीत नाही, कारण त्यात जंगल आणि कुऱ्हाडी नाहीत.

कोल्हापुरी वारं

अवांतर होतंय, पण राहवत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच असली की घराघरात भांडणं होतात. माझ्या घरात आजोबांपासून पाटाकडील. मी क्लब निवडला नाही, मी त्या पेठेत जन्मलो. बाहेरचा येऊन बघू दे, टाळ्या वाजवू दे, त्याला चहा पाजू. पण हरल्यावर पुढचे आठ दिवस तालमीत कुणी कुणाशी बोलत नाही, ते त्याच्या वाट्याला येत नाही. लेफ्टबॅकना बहुतेक हेच म्हणायचंय. पण एक विचारतो. लेफ्टबॅक, तुम्हीही झिझकोव्हमध्ये जन्मला नाहीत ना?

सावली

सगळे आजोबा आणि स्कार्फवर बोलताय, म्हणून दुसरी बाजू सांगते. मी आणि माझा नवरा एका छोट्या शहरात चौथ्या विभागाची मॅच बघायला गेलो होतो. क्लबचं नाव लिहीत नाही. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका टोळक्याने आमच्या रंगावरून जे आवाज काढले ते मी इथे लिहू शकत नाही. आजूबाजूचे चांगले लोक मैदानाकडे बघत राहिले. तिकीट विकणाऱ्या बाईंना सांगितलं, त्यांनी खांदे उडवले. २०२१ च्या मार्चमध्ये रेंजर्सच्या कृष्णवर्णीय ग्लेन कमाराला वर्णद्वेषी बोलल्याबद्दल स्लाव्हियाच्या कुडेलावर एप्रिलमध्ये युएफाने दहा सामन्यांची बंदी घातली, तेव्हा त्याच देशात किती जणांना तो अन्याय वाटला ते मी ऑफिसमध्ये ऐकलंय. 'निरागस' हा शब्द वाचून मला काय वाटलं असेल याचा विचार करा.

फिरस्ता

सावली, तुमच्यासोबत झालं ते वाईटच, आणि त्याला मी निरागस म्हणणार नाही. पण माझा अनुभव तसा नव्हता, तो मी खोटा कसा लिहू? एका टोळक्यावरून सगळा खालचा फुटबॉल ठरवू नका.

सावली

एका आजोबांवरून तुम्ही सगळा ठरवलात ना.

फिरस्ता

ठीक आहे. 'पैशाचा स्पर्श न झालेला' हे शब्द काढतो. बाकी लेख आहे तसाच राहील.

लेफ्टबॅक

एवढं काढलंत तरी पुरे.

कोल्हापुरी वारं, नाही, मी तिथे जन्मलो नाही. नोकरीसाठी आलो, घर त्या भागात मिळालं, शेजारी हात धरून मैदानावर घेऊन गेला. क्लब जन्माने मिळतो हे तुमच्या पेठेत खरं असेल. इथे माझ्या शेजारी उभे राहणाऱ्यांत युक्रेनमधून आलेले आहेत, व्हिएतनामी दुकानदार आहेत, आणि हरल्यावर आम्हीही दिवसभर गप्प असतो. बाहेरून येणाऱ्याला माझा विरोध नाही. ज्या ठिकाणी आलात तिथे काय होऊन गेलंय हे न विचारता त्याला खेळणं समजण्याला विरोध आहे.

मधली फळी, ब्रनोबद्दल तुमचा हिशोब चुकतोय. मैदान गेलं की घरी बसलेला माणूस चाहता उरत नाही, हे मला पटत नाही. पण डुक्लावाल्यांबद्दल बरोबर बोललात. झिझकोव्हच्या माणसाला हे म्हणायला जड जातं.

आणि खरा राग कशाचा करायचा असेल तर ब संघांचा, म्हणजे मोठ्या क्लबांच्या राखीव संघांचा, करा. स्पार्टा आणि स्लाव्हियाने आपले ब संघ दुसऱ्या विभागात खेळवले. त्यांच्याबरोबर ना प्रेक्षक येतात, ना वर जायची धडपड, कारण नियमानेच त्यांना पहिल्या विभागात जाता येत नाही. सोळा जागांतल्या जागा अशा संघांना, आणि ज्यांना गाव आहे, पेठ आहे, म्हातारे आहेत ते तिसऱ्यात.

ब्रनोकर

ब संघांवर शंभर टक्के सहमत. ३५ हजारांवर मात्र मी अजून उत्तराची वाट बघतोय, मधली फळी.