मदत हवी आहे: नगरपंचायत हद्दीतली द्राक्षबाग पिवळ्या पट्ट्यात गेली

राम राम मंडळी. बुलडाणा जिल्हा. गावाची नगरपंचायत झाली आणि प्रारूप विकास आराखड्यात आमची 30 गुंठे द्राक्षबाग रहिवासी (नकाशात पिवळा रंग) दाखवली. तिन्ही बाजूंनी लेआउट पडलेत. बाग थॉमसन जातीची, डॉगरिज खुंटावर कलम, मांडव, ठिबक. विकायची नाही, कृपया भाव विचारू नका!

सातबाऱ्यावर पीकपेरा द्राक्षाचाच आहे. हरकत मुदतीत लेखी दिली, पोच आहे. सुनावणीची नोटीस अजून नाही. तलाठी म्हणाले, एनए (बिगरशेती) होईपर्यंत शेती करा. पण पट्टा पिवळाच राहिला तर पुढं काय, हे कोणी सांगत नाही.

दुसरी कटकट फवारणीची. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी-केवडा या रोगांसाठी फवारे चुकत नाहीत, आणि शेजारी तक्रार करतात. पहाटे फवारतो, कडेला शेडनेटही बांधलं. वास जायचा तो जातोच.

व्हिएन्ना शहराच्या हद्दीत जवळपास 600 हेक्टर द्राक्षबागा राखल्यात. आपल्याला पाऊण एकर जड!

सुनावणीत हरित पट्टा मागताना सातबाऱ्याशिवाय कोणते कागद चालतात? संत्र्याची का असेना, हद्दीतली बाग कोणी अशी राखली आहे का? आणि घरांलगत फवारणीसाठी किती अंतर सोडता?