१४ हजार किलोमीटरला मागच्या चाकाचं बेरिंग गेलं, शोरूम म्हणतंय वॉरंटीत बसत नाही. खरं आहे का?

पलूस_ते_कुपवाड
नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, दीड वर्षाची, रनिंग १४ हजाराच्या थोडं पुढं. पलूसहून कुपवाड एमआयडीसीत रोज जा-ये, शिफ्ट ड्युटी त्यामुळं रात्रीचं येणंपण असतंच. गेल्या काही दिवसांपासून मागच्या चाकातनं घरघर यायला लागली, आधी वाटलं चेन कोरडी पडली असंल म्हणून ल्युब मारलं, आवाज तसाच, साठच्या पुढं गेलं की फुटरेस्टवर पायालापण जाणवतंय आणि वळणावर मागची बाजू जराशी सरकल्यागत होतीय. शोरूमला नेली तर त्यांनी चाक हलवून बघितलं आणि म्हणाले सॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूचं बेरिंग गेलंय, हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) दोन आणि सॉकेट ड्रममधलं एक अशी तिन्ही बदलू, पार्ट लेबर जीएसटी धरून दीड हजाराच्या आसपास होतील. मी म्हटलं घेताना पाच वर्षांची वॉरंटी सांगितली होती की, तर काउंटरवरचा म्हणतो बेरिंग वेअर अँड टेअरमधी येतं, त्याला वॉरंटी नसती. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर तिथंच केल्यात, बाहेर कुठं चाक उघडलेलं नाही, टायरपण कंपनीचाच आहे. दीड हजार भरता येतील हो, पण १४ हजारात बेरिंग झिजतं का? आणि झिजलं तर ती चूक माझी कशी? कुणाला अनुभव असंल तर सांगा.

कराडकर_०९
भावा बेरिंग, ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन सॉकेट हे सगळं झिजणारंच सामान, ह्याला कुठलीच कंपनी वॉरंटी देत नाही. बाहेरच्या गॅरेजला पाच-सातशेत काम होईल, करून घे आणि मोकळा हो. शोरूमच्या मागं फिरण्यात तुझीच सुट्टी जाणार.

मिरज_गॅरेज
कराडकर दादा, ब्रेक शू आणि बेरिंग एका ओळीत बसवू नका. ब्रेक शू घासण्यासाठीच बनवलाय, तो झिजला नाही तर गाडी थांबणार नाही. बेरिंगचं काम न घासता फिरायचं आहे, आत ग्रीस आहे, दोन्ही बाजूला रबरी सील आहे, माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांची तीस-चाळीस हजाराला काढली तरी कित्येक बेरिंग हातावर गुळगुळीत फिरतात. म्हणून १४ हजाराला गेलं म्हणजे त्याला काहीतरी कारण आहे, आणि वॉरंटी मिळणार का नाही हे त्या कारणावर ठरायला पाहिजे, नुसतं नाव बेरिंग आहे म्हणून नाही.

आता कारण कसं कळायचं, तर बेरिंग निघताना स्वतः उभं राहून बघा. सील फाटलंय, आतलं ग्रीस तपकिरी चिखलागत झालंय, गोळ्यांवर गंज दिसतोय तर पाणी शिरलंय. हे आपल्याकडं लई बघायला मिळतं कारण वॉशिंगवाला प्रेशरचा पाईप सरळ हबवर धरतो, त्यात ऊस हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल चाकात बसलेला असतो म्हणून तो जास्तच जवळून मारतो. ग्रीस स्वच्छ आहे पण आतल्या रिंगच्या वाटेवर पापुद्रे निघाल्यागत खड्डे पडलेत तर मटेरियलचा दोष असू शकतो. गोळ्या चालल्याचा पट्टा मधोमध नसून एकाच कडेला असंल तर बेरिंगवर आडवा दाब पडतोय, म्हणजे दोन बेरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) आखूड आहे नाहीतर बेरिंग तिरकं बसलंय. आणि गोळ्यांच्या अंतराएवढ्या सारख्या अंतरावर ठसे उमटलेत तर कुणीतरी आतल्या रिंगवर हातोडा घालून ते बसवलंय किंवा चाकाला जबर खड्डा लागलाय. शेवटचं एक म्हणजे चेन. गिटारच्या तारेगत ताणलेली चेन सॉकेटच्या बाजूचं बेरिंगच आधी खाते, तुमचं तेच गेलंय म्हणून विचारतो, शेवटच्या सर्व्हिसिंगला चेन कुणी ताणली?

दुसरं, आणि हे वॉरंटीपेक्षा महत्त्वाचं. वळणावर मागची बाजू सरकतीय म्हणताय तर ती गाडी रात्रीच्या शिफ्टला नेऊ नका. आतला गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटला की गोळ्या एका बाजूला गोळा होतात, चाक तिरकं होतं, आणि बाहेरची रिंग हबमधी फिरायला लागली तर हबचं भोक मोठं होतं, मग नवीन बेरिंग त्यात घट्ट बसत नाही आणि काम दीड हजारावरनं चाकाच्या किमतीवर जातं. मेन स्टँडवर लावा, टायर वर-खाली धरून हलवा, कटकट लागली तर उभीच ठेवा.

जुना_वर्कशॉपवाला
मी बरीच वर्षं एका डीलरकडं सर्व्हिस काउंटरला होतो (कुठल्या ते नको). आतली पद्धत सांगतो. वॉरंटीचा पार्ट डीलर खिशातनं देत नाही, कंपनीकडं क्लेम टाकतो, जुना पार्ट टॅग लावून ठेवतो, कंपनीचा माणूस तपासतो आणि मग डीलरला पार्ट आणि ठरलेल्या दराचं लेबर मिळतं. क्लेम नाकारला तर ते पैसे डीलरच्या अंगावर येतात, म्हणून बारक्या पार्टला काउंटरवरनंच नाही म्हणायची सवय लागते. तेव्हा तोंडी नाही ऐकून परत येऊ नका. जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "मागच्या चाकात आवाज, चाकाला प्ले, वॉरंटीत तपासणी हवी" असं (प्ले म्हणजे चाकाचा ढिलेपणा), आणि नाकारत असतील तर कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा काउंटरवरचा माणूस मॅनेजरला बोलावतो.

आणि मॅन्युअलच्या मागं वॉरंटीची पानं असतात ती वाचा. वगळलेल्या सामानाची यादी तिथं असते. काही कंपन्या बेअरिंगचं नाव घेऊन वगळतात, काही ठिकाणी नुसतं नेहमीची झीज एवढंच लिहिलेलं असतं. नाव घेऊन वगळलं असेल तर तुमची बाजू कमजोर, नसेल तर भांडायला जागा आहे.

पलूस_ते_कुपवाड
मिरज दादा, चेन तिथंच ताणलेली, मागच्या सर्व्हिसिंगला, मी हात लावलेला नाही. वॉशिंगपण तिथलंच. मॅन्युअल काढून बघितलं, यादीत ब्रेक शू, क्लच प्लेट, फिल्टर, चेन सॉकेट, रबरी पार्ट, बल्ब असं सगळं आहे, बेरिंगचं नाव नाही. खाली एक ओळ आहे की सर्वसाधारण झिजेमुळं बदलावे लागणारे इतर पार्ट, त्या "इतर"वर बोट ठेवतील काय? गाडी उभी केलीय, दोन दिवस एसटीनं जातोय.

विटा_वकिली
बोट ठेवतील, पण छापील करार कंपनीनं लिहिलेला असतो, त्यातली मोघम ओळ सहसा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध आणि ग्राहकाच्या बाजूनं वाचली जाते. आणि "इतर"मध्ये बसवायचं तरी सर्वसाधारण झीज आहे असं म्हणावं लागेल, म्हणजे परत मिरज दादांचाच मुद्दा, बेअरिंग उघडून कारण दाखवा.

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, चेसिस नंबर, जॉब कार्डाचा फोटो, सर्व्हिसिंगच्या पावत्या जोडून. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही. दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथं तक्रार फुकट नोंदते आणि ती कंपनीकडं पाठवतात, बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. त्याच्याही पुढं सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंका असेना, वकील लागतोच असं नाही, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. पण प्रामाणिकपणे सांगतो, दीड हजारासाठी आयोगात जायच्या आधी पहिल्या दोन पायऱ्या नीट करा.

भिलवडी_कृष्णाकाठ
ह्याच विषयाला जोडून विचारतो. २०२१ च्या पुरात आमच्या गाडीच्या चाकांत पाणी गेलेलं, इंजिन तेवढं खोललं, चाकांकडं कुणी बघितलंच नाही आणि पुढं दोन्हीकडची बेरिंग वाजायला लागली. असलं वॉरंटीत येतं का?

मिरज_गॅरेज
नाही येत, पूर हा कंपनीचा दोष नव्हे. तिथं इन्शुरन्स लागतो, आणि तोपण नुसता थर्ड पार्टी नको, स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारा फुल पाहिजे, आणि क्लेम पाणी ओसरल्या ओसरल्या टाकायचा, सहा महिन्यांनी वाजलेलं बेरिंग पुरामुळं गेलं हे कोण मान्य करणार. नदीकाठच्या सगळ्यांना सांगतो, हबच्या वर पाणी चढलं असेल तर इंजिनाबरोबर दोन्ही चाकं उघडायला सांगा आणि सर्व्हेअरला तिथंच दाखवा. सील पाणी उडालेलं अडवतं, बुडून राहिलेलं नाही.

पलूस_ते_कुपवाड
अपडेट देतो. जॉब कार्डवर तक्रार लिहायला लावली, लेखी कारण मागितलं, मॅनेजर आला. माझ्यासमोर चाक उघडलं. ग्रीस स्वच्छ होतं, गंज नाही, आणि गोळ्यांचा पट्टा एका कडेला गेलेला, मॅनेजरनंच स्पेसर शेजारच्या नव्या स्पेसरला लावून बघितला तर डोळ्याला दिसण्याएवढा आखूड. मग फोटो काढून क्लेम टाकला, तो मंजूर झाला, तिन्ही बेरिंग, सील आणि स्पेसर वॉरंटीत बसले, मी फक्त ग्रीसचे पैसे भरले. मागचा टायर एका बाजूनं जरा खाल्लाय, त्याला नाही म्हणाले, त्यावर मी ताणलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मिरज दादा, तुम्ही पट्टा बघायला सांगितला नसता तर नवीन बेरिंगपण त्याच आखूड स्पेसरवर बसलं असतं. आता काही बघायचं राहतं का?

मिरज_गॅरेज
लई बरं झालं. चार-पाचशे किलोमीटर झाले की परत मेन स्टँडवर चाक हलवून बघा आणि चेनची ढिलाई मोजा, बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिमी असते, तुमच्या मॅन्युअलमधी नक्की आकडा मिळंल, तोच धरा. वॉशिंगला देताना हबवर आणि चेनवर प्रेशर मारू नको असं तोंडानं सांगा, जॉब कार्डवर लिहा म्हटलं तरी चालतं.

पुढं कधी वॉरंटी संपल्यावर बाहेर बदलायची वेळ आली तर जुन्या बेरिंगवरचा नंबर बघूनच घ्या. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी, बाहेरनं ३५, रुंदी ११. ६३०१ असलं तर भोक १२ आणि बाहेरनं ३७. पुढं दोन्ही बाजूच्या रबरी सीलची खूण असते आणि सी३ (म्हणजे आत गोळ्यांना जरा जास्त मोकळीक) लिहिलं असंल तर सी३ च घ्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली पुड्या बाजारात फिरतात, म्हणून पक्की पावती देणाऱ्या दुकानातनं घ्या, आणि बसवणाऱ्यानं बाहेरच्या रिंगवर टेकणारा पाईप लावून ठोकलं पाहिजे, आतल्या रिंगवर हातोडा पडताना दिसला तर तिथंच थांबवा.