छोट्या शेतीच्या गावात घर भाड्याने घेतोय, आधी काय काय बघायचं?

नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली झालीय एका छोट्या गावात, चारी बाजूंनी नुसती शेती. घर मिळतंय, मोठं आहे, भाडंही परवडतंय, पण नळाची लाइन नाही, सगळं बोअरच्या पाण्यावर. मागची भिंत संपली की लगेच शेत सुरू. घरमालक शेजारीच राहतात, स्वभावाने चांगले वाटले, म्हणाले कागद कशाला, शब्द दिलाय ना. बाळ चार महिन्यांचं आहे आणि पावडरच्या दुधावर आहे म्हणून जरा धाकधूक वाटतेय. आजवर शहरातच राहिलोय, त्यामुळे काय विचारायचं तेच सुचत नाहीये.

उत्तर १
ताई, बाकी सगळं नंतर, आधी पाणी तपासून घ्या. शेताला घातलेल्या खतातलं नायट्रेट झिरपत बोअरमध्ये उतरतं आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव, त्यामुळे पाणी अगदी काचेसारखं दिसलं तरी खात्री देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ५० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवलीय, ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठीच. जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवातल्या एका डॉक्टरांनी विहिरीचं पाणी आणि असा आजार यांचा संबंध मांडला होता, म्हणजे हे काही नवीन नाही. आणि प्लीज, उकळलं की झालं असं समजू नका. उकळून जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. यूव्ही फिल्टरनेही जात नाही, आरओने बरंचसं जातं, पण आधी रिपोर्ट बघा मग मशीन घ्या.

बोअरपाशी स्वतः जाऊन उभं राहून बघा. केसिंग पाइप (बोअरच्या भोकात आतून बसवलेला पाइप) जमिनीच्या वर आलाय का, झाकण घट्ट आहे का, आजूबाजूला पाणी साचतं का, शेणखताचा ढीग किंवा सेप्टिक टँक जवळ आहे का.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. माझं म्हणणं फवारणीबद्दल. भिंतीला लागून शेत आहे तर ते कोण कसतं ते विचारा, त्यांची ओळख करून घ्या, नंबर घ्या आणि सरळ सांगा की घरात तान्हं बाळ आहे, फवारायच्या आधी एक फोन करा. बहुतेक शेतकरी करतात हो, नीट बोललं की. फोन आला की खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आणि खेळणी आत. चपला कायम दाराबाहेरच, बाळ रांगायला लागलं की फरशीवर जे असेल ते थेट तोंडात जातं.

कापणी झाली की उंदीर घरात शिरतात हेही लक्षात असू द्या. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर आत येतो, तेव्हा पाइप भिंतीत शिरतो तिथल्या फटी आधीच बुजवून घ्या.

उत्तर ३
कागद कराच. माणसं चांगली आहेत म्हणूनच करा, कारण छोट्या गावात वाकडं आलं तरी रोज समोरासमोर यायचं असतं. त्यात एवढं तरी असू दे: मोटर जळाली तर खर्च कोणाचा, सेप्टिक टँक उपसायचं कोणी बघायचं, मागची मोकळी जागा तुमची की ट्रॅक्टर तिथूनच जाणार, आणि घर सोडायला किती आधी सांगायचं. सुगीत मजुरांसाठी घर लागतं म्हणून अचानक खाली करायला सांगितलेलं मी बघितलंय, म्हणून मुदत लिहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे, उकळण्याचं तर मला अजिबात माहीत नव्हतं. मालकांशी बोलले, पाणी तपासायला हो म्हणालेत. नमुना घरातल्या फिल्टरचा घेऊ की थेट बोअरचा?

उत्तर १
थेट बोअरचा, फिल्टरच्या आधीचा. बाटली लॅबकडूनच आणा, मोटर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा आणि त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटसोबत कोलिफॉर्मही (पाण्यात घाण मिसळल्याचा इशारा देणारे जंतू) तपासायला सांगा. आणि पावसाळ्यात परत एकदा करा, पाऊस मुरला की आकडे बदलतात. रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या दुधाला बाहेरचं खात्रीचं पाणीच वापरा.