थंडीत सायकलिंगसाठी आतला थर: महागाचंच घ्यायची गरज नाही

दादा, तुम्ही विचारलंय की डिसेंबरात पहाटे यवतेश्वर घाटातून कासला सायकल न्यायचीय तर आत काय घालू, आणि इथंच वरच्या एका उत्तरात कुणीतरी कॉटनचा जाड बनियन सांगितलाय. तो प्लीज नको. मी पहिल्या वर्षी तेच केलं, चढताना घामानं चिंब झालो आणि उतरताना वारा लागला तेव्हा दात वाजायला लागले, ब्रेकवरची बोटं नीट वळेनात. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. त्यात कास १२०० मीटरच्या आसपास, साताऱ्यापेक्षा साधारण ५०० मीटर वर, म्हणजे उंचीमुळेच तीनेक डिग्री कमी, वारा वेगळाच.

साधा पॉलिस्टरचा, अंगाला चिकटून बसणारा फुल बाह्यांचा टीशर्ट घ्या, क्रिकेटवाले पोरं जर्सीच्या आत घालतात तो स्पोर्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तेवढा पुरतो. ढगळ घेतला तर घाम नीट ओढला जात नाही, म्हणून घालून बघूनच घ्या. जाड पण नको, चढाला उकडतं. वास मात्र मारतो, आल्या आल्या धुवायचा, कपडे मऊ करायचं लिक्विड (फॅब्रिक कंडिशनर) घालायचं नाही, त्यानं कापड घाम ओढायचं कमी होतं. मेरिनो मेंढीची लोकर वासाला आणि ओल्यात उबेला भारीच, पण दोन-चार दिवसांच्या ट्रेकला जाणार असाल तरच पैसे घाला.

वाचलेल्या पैशात पातळ विंडचीटर घ्या, वर पोचलं की उतरायच्या आधी चढवायचा. नसेल तर छातीशी जर्सीच्या आत पेपर घाला, खरंच वारा अडतो!